कन्स्ट्रक्टर मॉक करावा लागतो तेव्हा

मुदतठेवीचं गणित अवघड नाही. १ लाख रुपये ७ टक्क्यांनी वर्षभरासाठी ठेवले तर तिमाही चक्रवाढीने १,०७,१८६ रुपये होतात. बँकेतला कुणीही कर्मचारी हे कॅल्क्युलेटरवर काढून दाखवेल. मुदत संपली की पैसे कोणत्या तारखेला द्यायचे, टीडीएस कापायचा की नाही, ठेवीदाराला एसएमएस कधी जायचा, याचेही नियम ठरलेले आहेत. सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं हाच कोड सांभाळला. गणिताने आम्हाला कधी फारसा त्रास दिला नाही. त्रास झाला तो गणित तपासण्यासाठी लिहिलेल्या युनिट टेस्टचा, आणि त्यातही एका सवयीचा. क्लासच्या पोटात जे ऑब्जेक्ट तयार होतात त्यांचे कन्स्ट्रक्टरच मॉक करून टाकायचे, ही ती सवय. जावात काम करणाऱ्या बऱ्याच टीममध्ये ती कधी ना कधी शिरते, आणि शिरते ती अगदी रास्त कारणाने. म्हणूनच तिच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं.

ठेवीची मुदत संपल्यानंतरचं सगळं बघणारा आमच्याकडे एक क्लास होता, मॅच्युरिटीप्रोसेसर. जावा ६ च्या काळातला. त्याचा कन्स्ट्रक्टर काहीच मागत नसे, कंस रिकामे. वापरणाऱ्याला वाटावं, नुसतं न्यू म्हटलं की काम झालं. आत मात्र बरंच काही चालायचं. आधी सर्व्हरवरच्या एका ठरावीक फोल्डरमधून प्रॉपर्टी फाइल वाचली जायची. त्यातला पत्ता घेऊन डेटाबेसचं कनेक्शन उघडायचं. मग सुट्ट्यांचं कॅलेंडर तयार व्हायचं, आणि ते तयार होतानाच वर्षभराच्या सुट्ट्या डेटाबेसमधून ओढून घ्यायचं. त्यानंतर टीडीएस काढणारा ऑब्जेक्ट. शेवटी एसएमएस पाठवणाऱ्या व्हेंडरच्या जारमधला एक क्लास, जो जन्माला येताक्षणी व्हेंडरच्या सर्व्हरशी सॉकेट जोडायचा.

आता याची टेस्ट लिहायची. तपासायचं आहे फक्त एवढंच, की १ लाखाचे १,०७,१८६ होतात का. टेस्टच्या पहिल्या ओळीत प्रोसेसर तयार करायला जावं तर तिथेच एक्सेप्शन, कारण माझ्या लॅपटॉपवर ते फोल्डर नाही. फोल्डर करून दिलं तर डेटाबेस नाही. डेटाबेस दिला तर व्हेंडरचा सर्व्हर ऑफिसच्या नेटवर्कमधून लागत नाही. व्याजाच्या एका आकड्यापर्यंत पोचायला एवढे उंबरठे ओलांडायचे, आणि त्यातला एकही व्याजाशी संबंधित नाही.

युनिट टेस्टची अपेक्षा याच्या अगदी उलट असते. एक क्लास बाजूला काढावा, त्याला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टींच्या जागी नकली गोष्टी द्याव्यात, आणि क्षणार्धात उत्तर मिळावं. जेरार्ड मेझारोस यांनी २००७ च्या आपल्या ‘एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स’ या जाडजूड पुस्तकात या नकली गोष्टींचं वर्गीकरण केलं. ठरलेली उत्तरं देणारा तो स्टब. खरोखर चालणारी पण हलकीफुलकी आवृत्ती तो फेक. आणि आपल्याला कोणी, काय, किती वेळा विचारलं याची अपेक्षा आधीच बाळगणारा आणि तशी विचारणा झाली नाही तर टेस्ट पाडणारा तो मॉक. रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यांनाच मॉक म्हणतो. त्याने बिघडत नाही, पण यातला फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

नकली वस्तू द्यायची तर ती आत सरकवायला वाट हवी. क्लासने कॅलेंडर बाहेरून मागितलं असतं, तर टेस्टने नकली कॅलेंडर पुढे केलं असतं. पण क्लास स्वतःच आत न्यू म्हणत असेल तर टेस्टचा हात तिथे पोचत नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात. क्लास बदलायचा, किंवा न्यू हा शब्दच वाटेत अडवायचा. आमच्या टीमने आधी दुसरा मार्ग धरला. डेडलाइन होती, जुना कोड बदलायची परवानगी नव्हती आणि कव्हरेजचा आकडा मात्र वरून मागितला जात होता. अशा परिस्थितीत कुणीही तेच केलं असतं.

हत्यार होतं पॉवरमॉक. तो स्वतःचा क्लासलोडर वापरतो. टेस्ट चालू होण्याआधी आपला क्लास तोच लोड करतो, त्याचा बाइटकोड बदलतो, आणि जिथे न्यू आहे तिथे आपण दिलेला नकली ऑब्जेक्ट पुढे करतो. पहिल्यांदा हे चालताना पाहिलं की खरंच थक्क व्हायला होतं. रिकाम्या कंसांचा तो अवजड क्लास एकदम मुकाट्याने टेस्टमध्ये उभा राहतो. पण किंमत लगेच दिसू लागते. कोणता क्लास ‘तयार’ करायचा हे पॉवरमॉकला एका अ‍ॅनोटेशनमधून सांगावं लागतं, आणि तिथे ज्याचा ऑब्जेक्ट बनतो त्या क्लासचं नव्हे तर ज्याच्या आत न्यू लिहिलेलं आहे त्याचं नाव द्यायचं असतं. टीममध्ये नवीन आलेली जवळपास प्रत्येक व्यक्ती इथे अडली. असा क्लास पॉवरमॉक स्वतःच लोड करत असल्यामुळे जॅकोको या कव्हरेज मोजणाऱ्या साधनाला तो दिसेना. ज्या आकड्यासाठी हा खटाटोप केला तो त्या क्लासपुरता शून्यच राहिला. बिल्डही रेंगाळू लागलं. पॉवरमॉकच्या कर्त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की हे साधन युनिट टेस्टिंगमध्ये मुरलेल्यांसाठी आहे, नवख्यांच्या हाती दिलं तर फायद्यापेक्षा नुकसान अधिक होऊ शकतं. आमच्याकडे ते सरसकट सगळ्यांच्या हाती होतं.

खरा हिशोब जावा १७ च्या वेळी झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीने जावाच्या आतल्या भागांत बाहेरून हात घालायची वाट पक्की बंद केली, आणि पॉवरमॉकची सगळी भिस्त त्याच वाटेवर होती. त्याची शेवटची आवृत्ती २०२० मधली. आम्ही जावा ८ वरून १७ वर गेलो तेव्हा बँकेच्या कोडची एकही ओळ न बदलता ढीगभर टेस्ट पडल्या. व्याजात, तारखेत, टीडीएसमध्ये काहीही चुकलेलं नव्हतं. पडल्या त्या फक्त न्यू अडवणाऱ्या टेस्ट.

मॉकिटो या मॉकिंग लायब्ररीने याच सुमारास चांगली सोय करून ठेवली होती. २०२० च्या ३.५ या आवृत्तीत न्यू अडवणारं मॉककन्स्ट्रक्शन आलं आणि २०२३ च्या मॉकिटो ५ मध्ये त्यासाठी वेगळी जोडणी करायचीही गरज उरली नाही. हे पॉवरमॉकपेक्षा पुष्कळ सुसंस्कृत आहे. एका ट्राय ब्लॉकपुरतं आणि त्याच थ्रेडपुरतं ते चालतं, ब्लॉक संपला की न्यू पूर्ववत. आम्ही पडलेल्या टेस्ट त्यावर नेल्या, बिल्ड हिरवं झालं, आणि सगळ्यांना वाटलं की प्रश्न सुटला.

प्रश्न हत्याराचा नव्हताच, हे कळलं ते एका सुट्टीच्या निमित्ताने.

पुनर्गुंतवणुकीची नसलेली साधी मुदतठेव सुट्टीच्या दिवशी संपली तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी द्यायचे, आणि मधल्या दिवसांचं व्याज मूळ रकमेवर ठरलेल्या दरानेच द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ लाखावर ७ टक्क्यांनी एका दिवसाचे १९ रुपये १८ पैसे होतात. ही तारीख पुढे सरकवण्याचं काम पूर्वी डेटाबेसमधल्या एका स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये होतं. २०२३ मध्ये ते मॅच्युरिटीप्रोसेसरमध्ये आणलं गेलं. नव्या कोडने कॅलेंडरला विचारायचं, या तारखेला सुट्टी आहे का? असेल तर तारीख एका दिवसाने पुढे आणि एका दिवसाचं व्याज वर.

त्याची टेस्टही शिस्तीत लिहिली होती. कॅलेंडरचा कन्स्ट्रक्टर मॉक केलेला. मुदत संपायच्या तारखेबद्दल विचारलं तर ‘हो, सुट्टी आहे’ असं त्या मॉकला शिकवलेलं. मग तपासणी, की पैसे दुसऱ्या दिवशी दिले जातात, जादा व्याज १९ रुपये १८ पैसे आहे, आणि कॅलेंडरला बरोबर एकदाच विचारलं गेलं आहे. टेस्ट हिरवी. कोड रिव्ह्यूमध्येही कुणाला काही खटकलं नाही, आणि खटकण्यासारखं त्या पानावर काही दिसतही नव्हतं.

२०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस नवी आवृत्ती एका बँकेत चाचणीसाठी लावली होती. ठेव विभागाच्या अधिकारी मॅडमनी मार्चमध्ये मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी काढली आणि फोन केला. ‘अहो मॅडम, ८ तारखेला संपणाऱ्या सगळ्या ठेवींचे पैसे तुमची सिस्टीम ९ तारखेला देतेय. ९ ला दुसरा शनिवार आहे. शाखाच उघडणार नाही, तर पैसे कोण देणार?’

८ मार्च २०२४ ला, शुक्रवारी, महाशिवरात्र होती. ९ ला दुसरा शनिवार. सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा असतो. १० ला रविवार. म्हणजे पैसे द्यायचे ते सोमवारी, ११ मार्चला, आणि १ लाखावर जादा व्याज तीन दिवसांचं, ५७ रुपये ५३ पैसे. नवा कोड एकच पाऊल पुढे टाकून थांबत होता. चाचणीतच सापडलं म्हणून कुणा ठेवीदाराचं नुकसान झालं नाही.

टेस्टला हे का दिसलं नाही? मॉकिटोच्या मॉकला जे सांगितलेलं नाही त्याचं उत्तर तो स्वतःच्या मनाने देतो. हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला त्याचं न सांगितलेलं उत्तर ‘नाही’ असतं. ८ तारखेला सुट्टी आहे हे त्याला सांगितलं होतं. ९ तारखेबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं, म्हणून त्याच्या लेखी ९ तारीख कामाची. त्या टेस्टच्या जगात कोणत्याही सुट्टीनंतरचा दिवस हा कामाचाच दिवस होता. महाराष्ट्रातल्या खऱ्या कॅलेंडरवर असं जग महिनाभरही टिकत नाही, कारण दुसऱ्या शनिवारनंतर रविवार येतोच.

याहून जास्त बोलकी गोष्ट त्यानंतर घडली. दुरुस्ती सोपी होती: कामाचा दिवस लागेपर्यंत पुढे जात राहायचं. ती केली आणि टेस्ट लाल झाली. कॅलेंडरला एकदाच विचारलं जावं अशी तिची अट होती, आणि आता पुढच्या दिवसाबद्दलही विचारलं जात होतं. चुकलेला कोड असताना हिरवी असलेली टेस्ट बरोबर कोड आल्यावर लाल झाली, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. ती टेस्ट ठेवीदाराला पैसे कधी मिळतात हे तपासत नव्हती. आतल्या ओळी जशा लिहिल्या होत्या तशाच आहेत ना, एवढंच ती पाहत होती.

ती टेस्ट लिहिणारा सहकारी चांगला, काळजीपूर्वक काम करणारा होता. दोष त्याच्या कौशल्याचा नव्हे. कन्स्ट्रक्टर मॉक करताना आपण कॅलेंडर आहे तसंच गृहीत धरतो. त्याच्या मेथड ठरलेल्या, त्याला कसं विचारायचं तेही ठरलेलं. आपण फक्त उत्तरं भरतो. त्यामुळे एक प्रश्न कधी मनात येतच नाही, की मॅच्युरिटीप्रोसेसरला कॅलेंडरकडून नेमकं काय हवं आहे. ८ तारखेला सुट्टी आहे का, हे त्याला कळायची गरजच नव्हती. त्याला हवं होतं एकच: ८ किंवा त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस कोणता. हा प्रश्न विचारला असता तर शनिवार-रविवार ओलांडण्याची जबाबदारी आपोआप कॅलेंडरकडे गेली असती. आणि ती तिथेच असायला हवी. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात, हे कॅलेंडरला माहीत असतं, व्याज काढणाऱ्या क्लासला नव्हे.

मॉक ऑब्जेक्टचा जन्म खरं तर याच प्रश्नातून झाला आहे, आणि हा इतिहास कामाच्या गर्दीत विसरला जातो. १९९९ च्या आसपास लंडनमधल्या कनेक्स्ट्रा या कंपनीत जॉन नोलन यांनी आपल्या प्रोग्रामरांना गेटर न वापरता कोड लिहायचं आव्हान दिलं. ऑब्जेक्टच्या पोटातली माहिती बाहेर काढून बघायची नाही असं ठरल्यावर टेस्टने तपासायचं काय? मग त्या मंडळींनी ऑब्जेक्टच्या हाती बाहेरून एक नकली सोबती द्यायला सुरुवात केली, आणि ऑब्जेक्ट त्या सोबत्याशी कसा वागतो ते तपासू लागले. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० मध्ये सार्डिनियातल्या एक्सपी (एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग) परिषदेत यावर ‘एंडो-टेस्टिंग’ हा निबंध मांडला. पुढे २००४ मध्ये फ्रीमन, मॅकिनन, नॅट प्राइस आणि जो वॉल्न्स यांच्या निबंधाचं शीर्षकच होतं ‘मॉक रोल्स, नॉट ऑब्जेक्ट्स’. हातातल्या क्लासची नक्कल करू नका, तुमच्या ऑब्जेक्टला ज्या भूमिकेची गरज आहे ती शोधा आणि त्या भूमिकेची नक्कल करा. कन्स्ट्रक्टर मॉक करणं हे बरोबर त्याच्या उलट टोकाला आहे. तिथे भूमिका शोधायची वेळच येत नाही.

त्या फोननंतर आम्ही मॅच्युरिटीप्रोसेसर उघडला. जुन्या कोडला हात घालायची रीत मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या लेगसी कोडवरच्या पुस्तकात इतकी नीट सांगून ठेवली आहे की नवीन काही शोधायची गरज पडली नाही. जिथे कोड न बदलता वागणूक बदलता येते अशा जागेला ते सीम म्हणतात. आमच्या क्लासला असा एकही सीम नव्हता, तो करायचा होता. पहिली पायरी म्हणजे आजची वागणूक टेस्टमध्ये पकडून ठेवणं, आणि इथे मॉककन्स्ट्रक्शन मनापासून उपयोगी पडलं. त्याच्याशिवाय तो क्लास टेस्टमध्ये उभाच राहिला नसता. म्हणून या साधनाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. जुन्या कोडला पहिल्यांदा स्पर्श करण्यासाठी ते हवंच.

दुसरी पायरी दिसायला क्षुल्लक आहे. क्लासला आणखी एक कन्स्ट्रक्टर दिला, जो कॅलेंडर, टीडीएस, एसएमएस हे सगळं बाहेरून मागतो. जुना रिकाम्या कंसांचा कन्स्ट्रक्टर तसाच ठेवला. तो आता खऱ्या वस्तू तयार करून नव्या कन्स्ट्रक्टरला देतो, एवढंच. त्यामुळे इतर मॉड्यूलमधल्या ज्या ज्या ठिकाणी हा क्लास वापरला जात होता, त्यातल्या एकाही ठिकाणाला धक्का लागला नाही. जुना कोड बदलायला वरिष्ठ घाबरतात ते याच धक्क्याला, आणि तो लागणार नाही हे दाखवलं की परवानगी मिळते. पुढे स्प्रिंग फ्रेमवर्कच्या कॉन्फिगरेशनमध्ये जोडणी नेली आणि मग जुना कन्स्ट्रक्टर काढला.

तिसऱ्या पायरीत एक छोटा इंटरफेस आला. त्यात एकच मेथड: तारीख द्या, त्या तारखेपासूनचा पहिला कामाचा दिवस घ्या. खरं कॅलेंडर तो इंटरफेस डेटाबेसच्या आधाराने पुरवतं. टेस्टसाठी आम्ही मॉक न वापरता हाताने एक फेक लिहिला. त्याला सुट्ट्यांच्या तारखा द्यायच्या. रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार त्याला आधीच ठाऊक. या फेकमुळे टेस्ट वाचताना ती बँकेची गोष्ट वाटू लागली: महाशिवरात्र ८ मार्च, ठेव संपते ८ मार्च, पैसे ११ मार्चला, जादा व्याज ५७ रुपये ५३ पैसे. अधिकारी मॅडमना ती दाखवली असती तर त्यांनाही कळली असती. फेक आणि खरं कॅलेंडर एकमेकांपासून दूर जाऊ नयेत म्हणून एकच टेस्टसंच दोघांवर चालतो, फेकवर प्रत्येक बिल्डमध्ये आणि खऱ्यावर रात्रीच्या बिल्डमध्ये डेटाबेससह. हे शेवटचं काम लोक हमखास टाळतात. माझ्या मते ते केलं नाही तर फेकलाही मॉकइतकाच धोका आहे.

कॅलेंडरपाठोपाठ घड्याळ. आजची तारीख काढणारी ओळ कोडमध्ये जागोजागी होती, आणि तीही एक लपलेली डिपेंडन्सीच. तिच्यामुळे ३१ मार्चला हिरव्या असलेल्या काही टेस्ट १ एप्रिलला विनाकारण लाल होत. जावा ८ पासून क्लॉक नावाचा क्लास याच कामासाठी आहे. तो कन्स्ट्रक्टरमधून घेतला की टेस्ट हवी ती तारीख लावू शकते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बँक-व्याजावरची टीडीएसची मर्यादा १ एप्रिलपासून ४० हजारांवरून ५० हजार आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ५० हजारांवरून १ लाख होणार हे जाहीर झालं, तेव्हा १ एप्रिल २०२५ च्या टेस्ट फेब्रुवारीतच लिहिता आल्या.

टीममध्ये यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एकाचं म्हणणं होतं, ‘टेस्टच्या सोयीसाठी चालू कोड का मोडायचा? टेस्ट कोडसाठी असते की कोड टेस्टसाठी?’ हा आक्षेप हलका नाही. रुबी ऑन रेल्स लिहिणारे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २०१४ मध्ये हाच मुद्दा जोरात मांडला होता, की टेस्टच्या हट्टापायी चांगल्या रचनेचं नुकसान होतं. त्यांच्या म्हणण्यात मला तथ्य दिसतं. प्रत्येक क्लासला एक इंटरफेस आणि त्याच्या नावापुढे इम्प्ल लावलेला जुळा भाऊ, असा कोड मी पाहिला आहे, आणि तो वाचणं हा छळ आहे. पण आमच्या बाबतीत टेस्टने हट्ट धरला नव्हता. शाखा बंद असताना पैसे कोण देणार, हा प्रश्न मॅडमनी विचारला होता, टेस्टने नव्हे. कॅलेंडर बाहेर काढल्याने टेस्टची सोय झाली हे खरं, पण त्याआधी नियमाला त्याची योग्य जागा मिळाली.

न्यू दिसलं की बाहेर काढा, असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. बिगडेसिमल, तारीख, यादी, किंवा मूळ रक्कम आणि दर धरून असलेला ठेवीचा साधा ऑब्जेक्ट, हे आत खुशाल तयार करावेत. त्यांचा कुणाला त्रास नाही, ते कुठेही नेटवर्कवर जात नाहीत. ठेवीचा ऑब्जेक्टच मॉक करून ‘मूळ रक्कम विचारली तर १ लाख सांग’ असं शिकवणाऱ्या टेस्ट मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवते. खरी ठेव तयार करायला एक ओळ पुरते. बाहेरून मागायच्या त्या गोष्टी ज्या प्रोग्रामच्या सीमेपलीकडे पोचतात: डेटाबेस, फाइल, नेटवर्क, घड्याळ, पैसे किंवा निरोप बाहेर पाठवणारी कुठलीही यंत्रणा.

सगळं बाहेरून मागायला लागल्यावर मॅच्युरिटीप्रोसेसरच्या कन्स्ट्रक्टरची यादी लांबलचक झाली. काहींना ते कुरूप वाटलं. मला तो या कामातला सर्वात उपयोगी क्षण वाटला, कारण इतकी वर्षं रिकाम्या कंसांमागे झाकलेला पसारा पहिल्यांदा उघड्यावर आला होता. व्याज काढणाऱ्या क्लासला एसएमएस कशाला लागतो? तो काढला. ठेव परिपक्व झाल्याची नोंद प्रोसेसर करतो, निरोप पाठवणारा वेगळा क्लास ती नोंद वाचतो. टीडीएसचा हिशोबही वेगळा झाला. यादी आपसूक आखूड झाली.

उरला तो व्हेंडरचा जार. त्याचा क्लास आजही तयार होतानाच सॉकेट उघडतो, आणि त्याचा सोर्स आमच्या हाती नाही. त्याच्याभोवती आम्ही आपला एक पातळ क्लास गुंडाळला, आणि बाकीचा कोड फक्त त्याच्याशी बोलतो. त्या पातळ क्लासच्या टेस्टमध्ये मॉककन्स्ट्रक्शन अजून आहे. आमच्या मॉड्यूलमधलं तेवढं एकच, आणि तो जार असेपर्यंत ते राहील.

म्हणून शेवटचं सांगणं टेस्ट लिहिणाऱ्यांना नाही, तर इतरांनी वापरायचे क्लास जे लिहितात त्यांना आहे, मग ते व्हेंडर असोत, कंपनीतली कॉमन लायब्ररी सांभाळणारे असोत की शेजारच्या टीममधले असोत. कन्स्ट्रक्टरमध्ये कनेक्शन उघडू नका, फाइल वाचू नका, आजची तारीख काढू नका. जे लागतं ते कंसात मागा आणि जोडणीचं काम वेगळ्या मेथडमध्ये ठेवा. तुमची अर्ध्या तासाची मेहनत पुढे तुमचा क्लास वापरणाऱ्या प्रत्येक टीमचे कितीतरी दिवस वाचवेल.